दोन राजीनामे

तर झालं असं, की १७ सप्टेंबरला मी ऑफिसच्या ग्रुपवर मुक्तिसंग्राम दिनाच्या शुभेच्छा टाकल्या. आमच्या टीममध्ये एक सातारकर आहे, एक नागपूरकर आणि एक पक्का सदाशिवपेठी. तिघांचा एकच प्रश्न: 'कसली मुक्ती? पंधरा ऑगस्टला झालो ना सगळे मुक्त?' आता धाराशिवच्या माणसानं यावर काय बोलावं! (सरकारी कागदावर २०२३ पर्यंत उस्मानाबाद. आजीच्या तोंडी कायम धाराशिवच होतं.) आमच्या शाळेत वर्षातून तीनदा झेंडा फडकायचा. तिसरा झेंडा सतरा सप्टेंबरचा, आणि पाऊस असेल तर प्रभातफेरी रद्द होऊन नुसतंच गोड वाटप. आमचा सगळा जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, आणि पंधरा ऑगस्ट १९४७ ला आमच्याकडे झेंडा लावणारा माणूस तुरुंगात जायचा.

हे सगळं समजावून झाल्यावर सातारकरानं विचारलं, 'मग तेरा महिने सरकार काय करत होतं? निजामाशी बोलत कसले बसले?'

प्रश्न बरोबर होता. त्याच आठवड्यात डब्बा खाताना गाझावरून वाद झाला होता, की ज्या सरकारात हमास आहे त्याच्याशी जगानं बोलावं का, पैसे द्यावेत का. दोन्ही वाद डोक्यात घोळत होते, म्हणून शनिवार-रविवार वाचत बसलो. आणि लक्षात आलं, की दोन्हीकडे अडचण फार वेगळी नव्हती. समोर एक मंत्रिमंडळ आहे, त्यात दोन प्रकारची माणसं आहेत. काहींशी बोलता येतं, काहींशी बोलायचं नाही. बंदुका तिसऱ्याच कुणाच्या हातात. मग तुम्ही चहा कोणाबरोबर घेणार, आणि चेक कोणाच्या नावानं फाडणार?

आधी आमच्याकडचं सांगतो.

ऑक्टोबर १९४७. निजामाच्या वतीनं दिल्लीशी बोलणी करत होते नवाब छतारी आणि त्यांचे इंग्रज वकील सर वॉल्टर माँक्टन. 'जैसे थे' कराराचा मसुदा तयार होता, शिष्टमंडळ सहीसाठी निघणार होतं. २७ ऑक्टोबरच्या पहाटे इत्तेहादुल मुसलमीनच्या जमावानं त्यांच्या घरांना वेढा घातला. विमान राहिलं, सही राहिली, छतारींनी राजीनामा दिला. निजामानं नवं शिष्टमंडळ नेमलं. या नव्या मंडळींनी महिनाभर घासाघीस करून २९ नोव्हेंबर १९४७ ला जवळपास त्याच मसुद्यावर सही केली! म्हणजे मजकुरात फरक पडला नाही, फरक पडला तो इतकाच, की हैदराबादेत शेवटचा शब्द कोणाचा हे सगळ्यांना कळलं.

(जाता जाता: त्याच २९ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव मंजूर केला. विरोधात १३ मतं पडली, त्यातलं एक भारताचं.)

डिसेंबरात मीर लायक अली पंतप्रधान झाले. उद्योगपती माणूस, मवाळ बोलणारा. मंत्रिमंडळ मिश्र दिसेल असं बनवलेलं. इत्तेहादची माणसं होती, पिंगळी वेंकटराम रेड्डी उपपंतप्रधान होते आणि जे. व्ही. जोशी नावाचे मंत्रीही होते. स्टेट काँग्रेस बाहेर. तिचे अध्यक्ष स्वामी रामानंद तीर्थ, म्हणजे आमच्याच हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतले एके काळचे मास्तर, जानेवारीत पुन्हा तुरुंगात गेले. आणि मंत्रिमंडळाच्या बाहेर, कुठलंही खातं न सांभाळता, सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला माणूस होता कासिम रझवी. लातूरचा वकील. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका, वेगळा जिल्हा झाला १९८२ ला. म्हणजे स्वामीजींची शाळा आणि रझवीचं वकिलीचं दुकान एकाच कलेक्टरच्या हद्दीत. आमच्या जिल्ह्यानं देशाला काय दिलं असं कुणी विचारलं की मी सहसा पहिलंच नाव सांगतो.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर लॉगिन लायक अलींचं आणि ॲडमिन राइट्स रझवीकडे.

दिल्लीला हे माहीत नव्हतं असं मुळीच नाही. व्ही. पी. मेनन, सरदार पटेल, नेहरू सगळ्यांना माहीत होतं. तरी बोलणी चालू ठेवली, कारण बोलायला दुसरं कुणी नव्हतं आणि काश्मीरमध्ये लढाई सुरू होती. जानेवारी १९४८ मध्ये कन्हैयालाल मुन्शी हैदराबादला पोचले. पद काय, तर 'एजंट जनरल'. राजदूत म्हणायचं नाही, कारण राजदूत म्हटलं की हैदराबाद परदेश ठरतं. निजामानं त्यांना शहरात घरही सुखासुखी मिळू दिलं नाही, बोलारमला लष्कराच्या इमारतीत राहिले. मुत्सद्देगिरीत शब्दाला केवढं वजन असतं बघा. पुढे सप्टेंबरात फौजा घुसल्या त्यालाही 'पोलीस ॲक्शन' म्हटलं ते याच हिशोबानं. स्वतःच्या घरात पोलीस जातात, लष्कर परक्याच्या घरात जातं.

आता पैशाचं. 'जैसे थे' कराराची शाई वाळायच्या आत हैदराबादनं दोन वटहुकूम काढले. एकानं सोनंचांदी भारतात न्यायला बंदी, दुसऱ्यानं भारतीय चलन संस्थानात अवैध. शिवाय पाकिस्तानला २० कोटी रुपयांचं कर्ज, तेही भारत सरकारच्याच रोख्यांत. करारात परराष्ट्र व्यवहार हैदराबादकडे नव्हताच, त्यामुळे दिल्ली भडकली. उलट बाजूनं हैदराबादची तक्रार, की भारतानं नाकेबंदी केली, पेट्रोल, औषधं, पाणी शुद्ध करायचं क्लोरीनसुद्धा अडवलं. दिल्ली म्हणे, आम्ही नाकेबंदी जाहीर केलेलीच नाही. जाहीर केली नव्हती हे खरं. मुंबई आणि मद्रास प्रांतांच्या हद्दीवर माल अडत होता हेही खरं.

आमच्या गावात या सगळ्याचा अर्थ काय होता, ते मला आजीनं सांगितलं. तिचं माहेर येडशीजवळ. १९४८ ला ती अकरा वर्षांची. त्यांच्या घरी दोन चलनं असायची. संस्थानातला 'हाली' आणि इंग्रजी मुलखातला 'कलदार'. सात हाली म्हणजे सहा कलदार, हे गणित तिला शेवटपर्यंत तोंडपाठ होतं, मोबाईलचा नंबर मात्र कधी पाठ झाला नाही. बाजार बार्शीचा, कारण बार्शी जवळ. बार्शी मुंबई इलाख्यात. ज्वारी विकली की कलदार हातात येणार, आणि तो घेऊन परत आलं तर तो गुन्हा! तिच्या वडिलांनी कलदार कमरेच्या कशात शिवून आणले होते. तिकडून येताना रॉकेल आणलं तर इंग्रजी मुलखातला नाकेदार अडवणार, रॉकेल नसेल तर इकडचे विचारणार पैसे कुठे लपवलेत. 'दोन्ही सरकारं आमचीच झडती घ्यायची' असं ती म्हणायची. आंतरराष्ट्रीय आर्थिक निर्बंधांचं इतकं नेमकं वर्णन मी अजून कुठल्या इंग्रजी मासिकात वाचलेलं नाही.

मग रझाकारांची भीती वाढली आणि हे लोक बार्शीला निघून गेले. हजारो गेले. सोलापूर, बार्शीकडे हद्दीलगत स्टेट काँग्रेसचे सशस्त्र कॅम्प होते. तिथून पोरं रात्री संस्थानात घुसून नाके, चावड्या, पोलीस ठाणी यांच्यावर हल्ले करायची. मग रझाकार त्याच गावांवर सूड उगवायचे. जुलैत सोलापूर-बार्शी रस्त्यावर नान्नजला भारतीय जवानांशी चकमक झाली. तिकडे सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री हत्यारं आणून उतरवत होता. आणि या सगळ्या काळात दिल्लीत मसुदे चालूच! या शब्दाच्या जागी तो शब्द, हे कलम वर, ते खाली.

जूनमधला शेवटचा मसुदा वाचण्यासारखा आहे. माउंटबॅटन भारत सोडायच्या बेतात होते, त्यांना जाण्याआधी हे प्रकरण मिटवायचं होतं. आजारी पटेल देहरादूनला होते, तिथे जाऊन त्यांची संमती आणली. मसुद्यात काय होतं? रझाकार टप्प्याटप्प्यानं बरखास्त करायचे, नवं मिश्र हंगामी सरकार करायचं, पुढे घटना समिती. निजामाला आजवर मिळालेल्यांत सगळ्यात सैल अटी. निजामानं नकार दिला. का दिला यावर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत. मला वाटतं साधं आहे, रझाकार बरखास्त करायची ताकद ना निजामात उरली होती ना लायक अलींत. जे आपल्या हातात नाही ते देतो म्हणून सही कशी करणार?

आणि इथे जोशींचा राजीनामा येतो. जे. व्ही. जोशी त्या सरकारात मंत्री होते, म्हणजे बाहेरच्या जगाला दाखवायला 'बघा, आमच्यात सगळे आहेत' याचा जिवंत पुरावा. त्यांनी परभणी-नांदेड भागात फिरून रझाकारांनी काय केलं ते डोळ्यांनी पाहिलं, तिथे दहशतीचं राज्य आहे असं लिहिलं आणि बाहेर पडले. मंत्र्याच्या हातात काही नाही, हे मंत्र्यानंच लिहून दिलं. माझ्या मते दिल्लीनं त्या वर्षात जमवलेल्या सगळ्या गुप्त अहवालांपेक्षा हा एक कागद जास्त बोलका होता.

आता मुक्काम बदलतो. साल २००६.

जानेवारीत पॅलेस्टाइनच्या निवडणुकीत हमासला १३२ पैकी ७४ जागा मिळाल्या. (हा हैदराबादशी मोठाच फरक. रझवीला कुणी निवडून दिलं नव्हतं. शिवाय निजामाच्या मुलखावर कुणाचा लष्करी ताबा नव्हता, वेस्ट बँकवर होता. त्यामुळे तुलना ताणायची नाही.) संयुक्त राष्ट्रं, अमेरिका, युरोपीय संघ आणि रशिया या चौकडीनं तीन अटी घातल्या: हिंसा सोडा, इस्रायलला मान्यता द्या, आधीचे करार पाळा. तोवर मदत बंद. पॅलेस्टाइनसाठी जकात इस्रायल गोळा करतो, तो पैसा, महिन्याला पाचेक कोटी डॉलर, इस्रायलनं रोखला. दीड लाखाच्या वर सरकारी नोकर बिनपगारी. मग युरोपला दया आली आणि भीतीही वाटली. जून २००६ मध्ये त्यांनी एक तात्पुरती व्यवस्था काढली, पैसा सरकारला वळसा घालून थेट दवाखान्यांच्या इंधनाला आणि माणसांच्या खात्यात. गंमत म्हणजे त्या वर्षी युरोपची एकूण मदत आधीच्या वर्षापेक्षा वाढली. मदत वाढली आणि सरकार मात्र खिळखिळं झालं. डॉक्टरला पैसे मिळाले, त्याला कामावर ठेवणाऱ्या खात्याला नाही.

फेब्रुवारी २००७ मध्ये सौदी राजानं फतह आणि हमासला मक्केत बसवून समझोता घडवला. १७ मार्चला एकजुटीच्या सरकारचा शपथविधी झाला. पंतप्रधान हमासचे इस्माईल हनिया. अर्थखातं सलाम फय्याद यांच्याकडे, हे जागतिक नाणेनिधीत काम केलेले, वॉशिंग्टनचे आवडते. परराष्ट्र खातं एका अपक्ष प्राध्यापकाकडे. आणि सगळ्यात कळीचं गृहखातं हानी कवास्मी नावाच्या अपक्ष माणसाकडे, कारण दोघांपैकी कुणीच ते दुसऱ्याला द्यायला तयार नव्हतं.

जगानं काय केलं? नॉर्वेनं सरळ मान्यता दिली. त्यांचे उपपरराष्ट्रमंत्री दोन दिवसांत हनियांना जाऊन भेटले, तर इस्रायलनं त्यांच्याबरोबरची आपली बैठक रद्द केली. अमेरिकेचे कॉन्सुल जनरल भेटले, पण फय्याद यांना, अर्थमंत्री म्हणून. युरोपही बिगर-हमास मंत्र्यांशी बोलणार, हमासच्या मंत्र्यांशी नाही. एकाच टेबलाभोवती बसलेल्या मंत्रिमंडळातले अर्धे लोक निवडून चहाला बोलवायचे. दिल्लीनं लायक अलींशी हेच केलं होतं. समंजस माणूस शोधा, त्याच्याशी बोला, बाकीच्यांना तो सांभाळेल अशी आशा करा. आशा वाईट नसते. पण समंजस माणसाला तुम्ही जितकं जवळ करता तितका तो घरात संशयास्पद ठरतो. छतारींचं तेच झालं होतं.

माझा तरी कल नॉर्वेच्या बाजूनं झुकतो. हमास मला पटतो म्हणून नाही. अर्ध्या सरकाराशी बोलून अर्ध्याच सरकाराची जबाबदारी ठरते, आणि मग पूर्ण सरकाराला 'तुमची माणसं बंदुका का चालवताहेत' हा प्रश्न विचारायचा तुमचा हक्कही जातो.

कवास्मींकडे येतो. गृहमंत्री, म्हणजे पोलीस त्यांच्या हाताखाली. कागदावर! प्रत्यक्षात फतहची सुरक्षा दलं राष्ट्राध्यक्ष अब्बास यांचं ऐकायची आणि हमासचं दल हमासचं. मक्केच्या समझोत्यात मंत्रिपदांची वाटणी बारकाईनं होती, बंदुकांची नव्हती. कवास्मींनी एप्रिलमध्येच राजीनामा देऊ केला, तेव्हा समजूत काढली गेली. १४ मे २००७ ला खरंच सोडलं. कारण तेच, अधिकाराशिवाय खुर्ची. महिन्याभरात, जूनच्या मध्यावर, गाझा हमासच्या ताब्यात गेलं, अब्बासनी सरकार बरखास्त केलं, फय्याद वेस्ट बँकमध्ये पंतप्रधान झाले आणि मदतीचा नळ तिकडे धो धो सुटला. गाझाला वेढा.

पुढे २०१४ च्या जूनमध्ये पुन्हा एकजुटीचं सरकार झालं, या वेळी तज्ज्ञांचं. अमेरिकाही काम करायला तयार झाली. पुढच्याच महिन्यात युद्ध. त्यानंतर कैरोच्या परिषदेत देणगीदारांनी ५४० कोटी डॉलरचे आकडे जाहीर केले. जुलै २०२४ मध्ये बीजिंगला १४ गटांनी परत एकदा हंगामी एकजुटीच्या सरकारावर सह्या केल्या. बंदुका कोणाच्या आज्ञेत, हा प्रश्न दोन्ही वेळा जिथल्या तिथेच राहिला.

असो. परत आमच्या रस्त्यावर येऊ.

हैदराबादनं २१ ऑगस्ट १९४८ ला सुरक्षा परिषदेकडे तक्रार धाडली. त्याच रात्री हैदराबादेत 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांच्यावर हल्ला झाला आणि त्यात ते गेले. भारतात विलीन व्हावं असं उर्दूत लिहिणारा तरुण माणूस. १३ सप्टेंबरला सोलापूरकडून जनरल चौधरींच्या फौजा शिरल्या. नळदुर्गला बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागला, त्याच दिवशी जळकोट, उमरगा. १६ ला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेनं ८ विरुद्ध ० मतांनी हैदराबादचा प्रश्न विषयपत्रिकेवर घेतला. दुसऱ्या दिवशी निजामानं शस्त्रसंधी जाहीर केली. त्याच १७ सप्टेंबरला जेरुसलेममध्ये संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ काउंट बर्नाडोट यांचा खून झाला. परिषदेच्या टेबलावर हैदराबादची फाईल वरून खाली गेली ती गेलीच. २२ ला निजामानं तक्रारही मागे घेतली. हैदराबादच्या मंत्र्यानं लंडनमधल्या पाकिस्तानी उच्चायुक्ताच्या खात्यावर वळवलेले १० लाख पौंड मात्र बँकेत अडकले ते २०१९ पर्यंत. निकाल लागला तेव्हा साडेतीन कोटी पौंड झाले होते, आणि ते निजामाचे वारस आणि भारत यांच्या बाजूनं गेले.

शाळेत इतिहास इथे संपायचा. गोड वाटप.

पण उरलेला भाग आमच्या जिल्ह्यातला आहे. लष्कर आल्यावर रझाकार पळाले किंवा पकडले गेले, आणि ज्यांचा रझाकारांशी संबंध नव्हता अशा मुसलमानांवर सूड उगवला गेला. नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना पाहणीला पाठवलं. त्यांचा अंदाज संस्थानभरात निदान २७ ते ४० हजार मृत्यूंचा. सगळ्यात वाईट अवस्था चार जिल्ह्यांत: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. अहवाल कितीतरी दशकं छापलाच नाही. मी तो पस्तिशी उलटल्यावर वाचला, तोही पुण्यात बसून.

वाचल्यावर आजीच्या गोष्टीतला एक तुकडा आठवला. बार्शीला निघताना तिच्या वडिलांनी ज्वारीची पोती शेजारच्या मुसलमान घरी ठेवली होती. त्या लोकांनी ती रझाकारांपासून लपवून ठेवली. सप्टेंबर संपता संपता हे परत आले. ज्वारी जागेवर होती, पोती मोजून तेवढीच. घरात माणूस नव्हतं. मी लहानपणी विचारायचो, 'मग ते कुठं गेले गं?' ती म्हणायची, 'गेले असतील कुठं तरी,' आणि उठून चुलीकडे जायची.

ती गेल्यावर तिच्या पत्र्याच्या डब्यात नऊ हाली सापडले. कलदार एकही नव्हता.